बाळाच्या वाट्याचा तास

नंदुरबारच्या जुन्या बाजारपेठेतील एखाद्या व्यापारी घराची दुपार डोळ्यांसमोर आणावी. खाली दुकान, वर बिऱ्हाड. घरातील कर्ते पुरुष गल्ल्यावर. सूनबाई हिशेबाच्या संगणकापाशी. आजीबाई माळ घेऊन खिडकीशी. आणि दीड वर्षाचे बाळ फरशीवर. या बाळाच्या कानांवर दिवसभरात चार बोली पडतात. आजी त्याला मारवाडीत 'टाबर' म्हणते, भांडी घासायला येणारी मावशी अहिराणीत 'पोऱ्या' म्हणते, सुरतेहून माल घेऊन आलेला व्यापारी 'छोकरो' म्हणून त्याच्या गालाला हात लावतो आणि आई 'बाळा' म्हणून हाक मारते. भाषेच्या बाबतीत इतके श्रीमंत घर पुण्या-मुंबईच्या उंच इमारतीतही सहजी सापडणार नाही. मात्र त्याच खोलीच्या भिंतीवर दूरचित्रवाणी संच आहे. त्यातील कार्टून हिंदीत बोलते, मधूनच इंग्रजीत गाणी म्हणते आणि बाळ तोंड उघडे ठेवून त्याकडे पाहत राहते. हाक मारली तरी त्याची मान वळत नाही.

'मूल कसे शांत बसले आहे,' याचे समाधान अशा वेळी घरातील प्रत्येकाला वाटते. ते स्वाभाविकही आहे. तासभर तरी कोणाला त्याच्यामागे धावावे लागत नाही, जिन्याचे दार बंद आहे की नाही हे पाहावे लागत नाही. परंतु शांत बसलेले मूल म्हणजे त्या तासात एक शब्दही न बोललेले मूल. ज्या वयात भाषा यायची, त्या वयातील तो तास असतो. म्हणून हा विषय केवळ डोळ्यांच्या काळजीचा किंवा वाईट सवयीचा समजून बाजूला ठेवण्यासारखा नाही.

मूल टीव्हीवरून भाषा शिकते, अशी समजूत अनेक घरांत दृढ आहे. 'इंग्रजी रंग सगळे पाठ झाले,' असे आजोबा पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. या समजुतीची परीक्षा घेणारा एक प्रयोग अमेरिकेतील सिअॅटल शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात प्रा. पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी केवळ इंग्रजी बोलली जाते अशी नऊ महिन्यांची बाळे त्यांनी निवडली. चार आठवड्यांत बारा वेळा, प्रत्येक वेळी सुमारे पंचवीस मिनिटे, चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती या बाळांसमोर जमिनीवर बसल्या, त्यांनी चित्रांची पुस्तके वाचून दाखवली आणि खेळणी हातात दिली. नंतर चाचणी घेतली, तेव्हा जन्मापासून चिनी ऐकत असलेल्या तैवानमधील बाळांइतकेच या बाळांचेही कान त्या भाषेतील सूक्ष्म ध्वनिभेदांना तयार झालेले आढळले. बाळांच्या दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तीच पुस्तके आणि तोच वेळ मिळाला. फरक इतकाच, की सर्व काही पडद्यावरून. या दुसऱ्या गटाच्या पदरी काहीही पडले नाही. चिनीचा एक शब्दही न ऐकलेल्या बाळांमध्ये आणि त्यांच्यामध्ये फरक आढळला नाही.

ही बाळे पडद्याकडे पाहत नव्हती, असे नाही. पण पडद्यावरील व्यक्ती बाळाच्या नजरेमागे नजर नेत नाही. बाळ 'अं' म्हणाले तर ती थांबत नाही, बाळाने वाटी आपटली तर 'वाजली का वाटी?' असे विचारत नाही. भांडी घासणारी मावशी मात्र हे सर्व करते. तिच्या अहिराणीतील दोन प्रश्न आणि बाळाचे अर्धवट उत्तर यांत जी देवाणघेवाण होते, ती बाजारातील सर्वांत महाग संचही करू शकत नाही. शिक्षितांच्या घरांतून कधीकधी 'मावशीची भाषा बाळाच्या तोंडी नको' असा सूर ऐकू येतो आणि तिच्याऐवजी टीव्हीवरील 'शुद्ध' भाषेवर विसंबले जाते. वरचा प्रयोग पाहता हा सौदा घाट्याचा आहे.

या संदर्भात व्यापारी वाचकांना विशेष रस वाटावा अशी एक हकिकत आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत 'बेबी आइन्स्टाइन' नावाच्या तान्ह्या मुलांसाठीच्या चित्रफिती बाजारात आल्या आणि पुढे डिस्ने कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. नाव असे, की कोणत्याही आईबापाने हात पुढे करावा. पुढे मुलांच्या हितासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जाहिरातींतील शैक्षणिक दाव्यांना हरकत घेतली. २००९ मध्ये कंपनीने ग्राहकांना या चित्रफिती परत घेऊन पैसे देण्याची तयारी दाखवली. विकलेला माल परत घेण्याची पाळी कोणत्या व्यापाऱ्यावर आणि केव्हा येते, हे दुकानदाराच्या घरात निराळे सांगावे लागत नाही.

वैद्यकीय सल्ला आता पुरेसा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एक वर्षाच्या आतील बाळांना आणि एक वर्ष पूर्ण केलेल्या मुलांनाही, म्हणजे दुसरा वाढदिवस होईपर्यंत, पडद्यासमोर बसवणे योग्य नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. त्याच सूचनांत एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान तीन तासांची हालचाल हवी, असेही म्हटले आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचनाही याच धर्तीच्या आहेत. दोन वर्षांपर्यंत पडदा नाही, अपवाद केवळ नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांपर्यंत एका तासाहून अधिक नाही, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. व्हिडिओ कॉलला सवलत का, हे वरच्या प्रयोगावरून उमगते. सुरतेची आत्या पडद्यावर असली तरी ती बाळाचे ऐकते आणि त्याला उत्तर देते.

सल्ला समजण्यास सोपा आहे. घरात तो टिकत नाही. याचे एक कारण इतिहासात आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे कार्यक्रम प्रामुख्याने संध्याकाळच्या ठरावीक वेळात असत. मुलांसाठी 'किलबिल'सारखा कार्यक्रम असे, तो संपला की संपला. आजच्या आजी-आजोबांनी आपली मुले वाढवली ती या काळात. 'आमची मुले टीव्ही पाहूनच मोठी झाली, काय बिघडले?' असे ते म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु त्या काळी मर्यादा घालण्याचे काम त्यांना करावेच लागले नव्हते. ते दूरदर्शन केंद्रच परस्पर करीत होते. आता चोवीस तास चालणाऱ्या कार्टून वाहिन्या आहेत. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या संचावर एक गाणे संपण्यापूर्वीच दुसरे तयार असते. संपणे नावाची गोष्टच त्यात नाही. जे काम पूर्वी केंद्र करी, ते आता घराच्या अंगावर आले आहे आणि घराला त्याची सवय नाही.

मर्यादा घालायची म्हणजे बाळाचा कार्यक्रम बंद करायचा, एवढाच अर्थ सहसा घेतला जातो. वस्तुतः बहुसंख्य व्यापारी घरांत बाळासाठी लावलेल्या टीव्हीपेक्षा इतरांसाठी लावलेला टीव्ही अधिक वेळ चालतो. सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत शेअर बाजाराची वाहिनी. त्यावर कोणाची नजर असो वा नसो, खाली आकड्यांची पट्टी सरकत असते. संध्याकाळी मालिका, रात्री बातम्या. 'बाळ कुठे बघते? ते तर आपले खेळत असते,' असा खुलासा यावर दिला जातो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये नेमके हेच तपासून प्रसिद्ध केले. एक, दोन आणि तीन वर्षांच्या पन्नास मुलांना खेळण्यांसह तासभर खेळू दिले. त्यांपैकी अर्धा तास खोलीत मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालू ठेवला. मुलांनी पडद्याकडे ओझरतेच पाहिले. तरीही त्या अर्ध्या तासात त्यांचे खेळ तुटक झाले आणि एकाच खेळात रमण्याचा वेळ घटला. बाळ पाहत नसले तरी त्याच्या खेळाचा धागा तुटत असतो.

मोठ्यांचे काय होते, हे दुसऱ्या एका अभ्यासात दिसले. २००९ मध्ये डॉ. दिमित्री क्रिस्टाकिस आणि सहकाऱ्यांनी दोन महिने ते चार वर्षे वयाच्या ३२९ मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रे लावून घरातील आवाजांची नोंद केली. टीव्हीचा आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येक तासामागे मोठ्यांच्या तोंडून मुलाच्या कानी पडणारे शब्द सुमारे ७७० ने कमी झाले होते. म्हणजे टीव्ही आजीलाही गप्प करतो, केवळ नातवाला नाही. खात्यातून रक्कम कमी होते आणि नावे कोणाच्या पडली तेही कळत नाही, असा हा प्रकार आहे. दिवसाचे तीन-चार तास संच चालू असेल, तर महिन्याचा आकडा ज्याने त्याने मांडून पाहावा.

म्हणून दोन वर्षांखालील मूल घरात असताना पहिला नियम बाळासाठी नसून मोठ्यांसाठी असावा. ज्या खोलीत बाळ जागे आहे, त्या खोलीत कोणी प्रत्यक्ष पाहत नसताना संच चालू राहू नये. बाजारभाव फोनवर दिसतात. मालिकेच्या बाबतीत तडजोड कठीण असते हे मान्य. पण मालिका आता नंतरही पाहता येते, बाळाचे अठरा महिन्यांचे वय मात्र पुन्हा दाखवले जात नाही.

जैन कुटुंबांच्या दिनक्रमात या प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. दोन्हींचा मोकळेपणाने विचार व्हायला हवा. पहिली बाजू अडचणीची. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे. आजीबाई सामायिकात बसल्या, की बाळाच्या मागे धावता येत नाही. सूनबाई खाली दुकानात. मग बाळाला टीव्हीसमोर बसवले जाते आणि आजीच्या सामायिकाइतकाच काळ तेही एकाग्र होऊन बसते. समभावाची साधना निर्विघ्न व्हावी म्हणून बाळाला पडद्याच्या स्वाधीन करायचे, यातील विसंगती आजीबाईंनाही जाणवत असते. त्यांना दुसरा मार्ग दिसत नाही. मार्ग बहुधा वेळेच्या अदलाबदलीत सापडतो. लहान मुले दुपारी दीड-दोन तास झोपतात. सामायिक त्या वेळेत बसवावे. पहाटेची वेळ तर सर्वांत उत्तम. ज्या घरात तेही जमत नाही, तेथे घरातील दुसऱ्या कोणी तेवढा पाऊण तास वर येऊन बसावे. दुकानातील पाऊण तास मोलाचा असतो, हे खरेच. तरीही मुलगा-सून मिळून तो काढू शकतात.

दुसरी बाजू लाभाची आहे आणि तिच्याकडे आश्चर्यकारक दुर्लक्ष झाले आहे. जेथे चौविहार पाळला जातो, तेथे सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर आवरलेले असते. शेजारच्या घरांत रात्री आठ वाजता पोळ्या लाटल्या जात असतात, बाळ पायात घोटाळत असते आणि आईला त्याला कोठेतरी बसवून ठेवणे भाग पडते. चौविहार करणाऱ्या घरातील स्त्रीची संध्याकाळ त्या वेळी मोकळी असते. सूर्यास्तापासून बाळ झोपेपर्यंतचे हे दीड-दोन तास म्हणजे त्याच्या भाषेची खरी सुगी. गच्चीवर नेऊन चांदोबा दाखवावा, स्टेशनच्या बाजूने गाडीचा आवाज आला तर 'कोण आले?' विचारावे, गोष्ट सांगावी. गोष्ट बाळाला पूर्ण कळली नाही तरी चालते. प्रत्यक्षात या मोकळ्या वेळेवर मालिकांनीच कब्जा केला आहे. झोपण्यापूर्वीच्या तासात पडदा नसावा, असे बालरोगतज्ज्ञही सांगतात.

मूल दोन वर्षांचे झाल्यावर निवडीचा प्रश्न येतो. येथे 'मुलांचे' म्हणून जे जे दाखवले जाते, ते सर्व दोन वर्षांच्या मुलाचे नसते. कार्टून वाहिन्यांवरील बहुतेक मालिका शाळकरी मुलांसाठी बनवलेल्या असतात. त्यांत दृश्य भराभर बदलते, मारामारी असते, आरडाओरडा असतो. व्हर्जिनिया विद्यापीठात अँजेलिन लिलार्ड यांनी चार वर्षांच्या साठ मुलांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने नऊ मिनिटे अतिवेगवान कार्टून पाहिले, दुसऱ्याने संथ गतीचा कार्यक्रम पाहिला, तिसऱ्याने चित्रे काढली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत वेगवान कार्टून पाहिलेली मुले धीर धरण्यात आणि सूचना लक्षात ठेवून वागण्यात मागे पडली. हा परिणाम किती काळ टिकतो, हे त्या अभ्यासात पाहिलेले नव्हते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु कार्टून बंद करताच मूल चिडचिड का करते, सांगितलेले का ऐकत नाही, याचे थोडे उत्तर तरी त्यात मिळते.

संथ कार्यक्रम निवडावा. एक छोटी गोष्ट, मोजकी पात्रे, घर-अंगण-प्राणी यांसारखा ओळखीचा विषय, आणि पात्राने प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थोडा थांबण्याचा अवधी. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या मालिकेच्या निर्मात्यांनी तर एकच भाग सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज दाखवण्याची प्रथा ठेवली होती. मोठ्यांना हे कंटाळवाणे वाटेल. लहान मुलाला पुनरावृत्तीतच आनंद असतो आणि समजही त्यातूनच वाढते. तीच गोष्ट आजीला रोज सांगायला लावणारा नातू हे प्रत्येक घराने अनुभवलेले आहे. तेव्हा नवे नवे शोधत बसण्याची गरज नाही. आधी मोठ्यांनी स्वतः शेवटपर्यंत पाहिलेले चार-पाच भाग पुरेसे आहेत. काही संचांना पेन ड्राइव्ह जोडता येतो. घरातील लग्नाची, पर्युषणातील मिरवणुकीची, शेतातील बैलांची छोटी चित्रणे त्यात घालून ठेवली तर मूल ती आवडीने पाहते. आणि पेन ड्राइव्हवरील चित्रण संपते, हा त्याचा मोठा गुण. पुढचे आपोआप सुरू होत नाही.

पाहताना शेजारी कोणीतरी असावे, हे निवडीइतकेच महत्त्वाचे. 'मांजर कुठे गेले? आपल्या गल्लीतले मांजर कसे ओरडते?' एवढे दोन प्रश्न मधे घातले, की पडद्यावरचे मांजर गल्लीत उतरते.

एक तासाची मर्यादा ठरवणे आणि ती पाळणे यांत जे अंतर पडते, त्याचे कारण व्यापाऱ्याला समजावून द्यावे लागू नये. बँकेतील कॅश क्रेडिटची मर्यादा वर्षाच्या सुरुवातीला कागदपत्रे पाहून ठरते. माल सोडवून घ्यायला ट्रक दारात उभा असताना ठरत नाही. चौदा नियम धारण करणाऱ्यांची रीतही तीच. आज अमुक इतकीच द्रव्ये, हे सकाळी ठरते, पान वाढल्यावर नव्हे. बाळ रडत असताना 'बरं, अजून पाचच मिनिटे' असे म्हणून जी मर्यादा वाढते, ती उद्या दहा मिनिटांनी वाढते. कारण रडल्याने मंजुरी मिळते, हे बाळाच्या ध्यानात आलेले असते. वेळ आधी ठरवावी, शक्य तर रोज तीच ठेवावी, अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन भाग केले तरी चालतील. आजोबांनी, काकांनी आणि मावशीने तीच वेळ पाळावी. एका घरात तीन मंजुरी अधिकारी असले, की काय होते ते सर्वांना ठाऊक आहे.

सर्वांत चिवट सवय जेवणाची. टीव्ही लावल्यावर तोंड आपोआप उघडते, घास जातो, वाटी रिकामी होते. आई सुटकेचा निःश्वास टाकते. मुलाने मात्र खिचडी खाल्ली की वरण, याची त्यालाच वार्ता नसते. पोट भरल्याची खूण ओळखण्याचा सरावही राहून जातो. ही सवय मोडताना पहिले काही दिवस मूल कमी खाईल, ताट ढकलेल, रडेल. निरोगी मुलाचे त्याने बिघडत नाही. आजीचा जीव मात्र तुटतो आणि बहुतेक घरांतील निश्चय दुसऱ्या दिवशी दुपारीच मोडतो. म्हणून सुरुवात अशा आठवड्यात करावी, जेव्हा घरात पाहुणे नाहीत, लग्नसराई नाही आणि दुकानात सणाची गर्दी नाही.

येथे एक सावधानता आवश्यक आहे. दुसरा वाढदिवस झाला तरी मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, नजर देत नसेल, तर सगळा दोष टीव्हीवर टाकून स्वस्थ बसू नये. ऐकण्यातील दोषापासून स्वमग्नतेपर्यंत अनेक कारणे असू शकतात. 'याचे वडीलही उशिरा बोलले होते' या वाक्याने बऱ्याच घरांत मोलाचे वर्ष दोन वर्षे गेली आहेत. बालरोगतज्ज्ञाला दाखवावे, कानांची तपासणी करून घ्यावी. टीव्ही बंद करणे तर कोणत्याही परिस्थितीत उपयोगाचेच आहे.

मग दिवसभर मुलाने करायचे काय? मे महिन्यात नंदुरबारला पारा चाळीसच्या वर चढतो, दुपारी अंगणात पाय ठेववत नाही, हे खरे. या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला फार पूर्वी मिळालेले आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाईंचे नाव गुजराती वाचणाऱ्या घरांना नवे नाही. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर सुरू झाले. आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. माँटेसरी पद्धतीची महाग साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी त्यांनी बिया, खडे, शिंपले, पाने, काड्या वापरल्या. निवडायचे, रचायचे, मोजायचे, आणि सोबत गाणे, गोष्ट, गप्पा.

ती मुले थोडी मोठी होती. दीड-दोन वर्षांचे मूल हाती येईल ते तोंडात घालते, म्हणून चिंचोके, हरभरे, शेंगदाणे असले खेळ त्याच्या बाबतीत धोक्याचे. दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. परंतु व्यापारी घरात त्याच्याजोगे साहित्य भरपूर असते. कापडाच्या दुकानातील नमुन्यांचे तुकडे, रिकामी खोकी, पुठ्ठ्याच्या जाड नळ्या, पितळी वाट्या, एकात एक बसणारे डबे. धुतलेल्या भाज्या एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकणे हा दोन वर्षांच्या मुलाला अर्धा तास पुरणारा उद्योग आहे. घर थोडे पसरते, एवढी किंमत द्यावी लागते.

राहिला प्रश्न ज्या घरांतील मूल दिवसभर दुसऱ्याच्या घरी असते त्यांचा. तालुक्याच्या गावांतूनही आता गल्लीतील एखादी बाई चार-पाच मुले सांभाळते. शहादा, नवापूरपर्यंत ही सोय पोचली आहे आणि नोकरी करणाऱ्या सुनांना तिचा मोठा आधार आहे. या बाईंच्या घरीही टीव्ही असतो आणि बहुतेक वेळ चालू असतो. त्याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. पण एकट्या बाईने चार मुलांपैकी एकाला शी-शूला न्यायचे असते, दुसऱ्याला भरवायचे असते आणि गॅसवर दूध असते. त्या पाच मिनिटांत उरलेली तिघे जागेवर राहावीत, यासाठी तिच्यापाशी टीव्हीखेरीज दुसरे माणूस नाही. मिरचीच्या हंगामात व्यापाऱ्याला दुकान बंद करायला उशीर होतो, मुलाला न्यायला आठ वाजतात. तोपर्यंत तीही थकलेली असते. मुलामागे महिन्याकाठी जी रक्कम दिली जाते, तीत दुसरी मदतनीस ठेवता येत नाही. टीव्ही हीच तिची बिनपगारी मदतनीस.

तेव्हा आईवडिलांनी आधी पाहून यावे. मूल सोडायला जाताना उंबऱ्यावरून परत न फिरता, अधूनमधून भर दुपारी पाच मिनिटे आत डोकवावे. संच किती वेळ चालतो, हे चौकशीच्या सुरात न विचारता 'दुपारी याला कसे सांभाळता?' असे विचारले, तर खरे उत्तर मिळते. जेवणाच्या वेळी आणि झोपेआधी टीव्ही नको, दोन वर्षांच्या आतील मूल असेल तर त्याची पाठ पडद्याकडे नको तर खेळ दुसऱ्या खोलीत हवा, एवढ्या दोन-तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. घरातील रिकामे डबे, कापडाचे तुकडे, जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तके तिच्याकडे नेऊन द्यावीत. दुकानातील माणसांच्या पगारवाढीची बोलणी पाडव्याच्या सुमारास होतात. त्याच सुमारास त्या गल्लीतील चार-पाच घरांनी एकत्र बसून या बाईंच्या पैशांचाही हिशेब काढावा आणि दुपारी बारा ते चार एवढ्या वेळेसाठी एखाद्या मदतनीस मुलीचा पगार आपसांत वाटून घेता येईल का, ते पाहावे. चार घरांत विभागल्यावर ती रक्कम फार मोठी निघत नाही.